सोसायटीतल्या शनिवारच्या चित्रपटाची सबटायटल्स: ‘अहो’ काढायचं का?

ए-३०४: ‘व्रात्ने लाहवे’ या चेक चित्रपटाची मराठी सबटायटल्स वर टाकली आहेत. शनिवारच्या आत कृपया तपासा.

बी-१०२: सर, एलिश्काच्या, म्हणजे नायकाच्या बायकोच्या तोंडी सगळीकडे ‘अहो’ आलंय. चेकमध्येही आपल्यासारखंच ‘ती’ म्हणजे तू आणि ‘वी’ म्हणजे तुम्ही. नवराबायको दोघंही ‘ती’च म्हणतात.

ए-३०४: साठी ओलांडलेलं जोडपं आहे. ‘अरे’ आपल्या ज्येष्ठांना खटकेल असं वाटलं.

बी-१०२: खटकू दे. नायक जोसेफ त्कालोउन मास्तर शाळा सोडतो, सायकलवरून कुरिअर पोचवतो, मग सुपरमार्केटात बाटल्या परत घ्यायच्या खिडकीवर बसतो. घरी बायकोजवळ बसणं तेवढं टाळतो, आणि स्वप्नं बघतो दुसऱ्याच बायकांची. एलिश्का त्याला बरोबरीच्या नात्याने सुनावते. ‘अहो’ घातलं की ती सोसणारी बाई होते आणि त्याचं भरकटणं आपोआप माफ होतं. म्हणून ‘अरे जोसेफ’च हवं.

सी-५०१: काकूंचं शंभर टक्के बरोबर. शिवाय ही कामं करणारे दानिएला कोलार्झोवा आणि झ्देन्येक स्व्येराक १९७६ मध्येही दिग्दर्शक मेन्झेलच्या चित्रपटात नवराबायको होते. हा २००७ चा. चेक प्रेक्षकाला हा संसार ३१ वर्षांचा जुना वाटतो तो त्यामुळे. पटकथाही स्व्येराकचीच, दिग्दर्शन मुलगा यानचं.

बी-१०२: आणि नाव ‘रिकाम्या बाटल्या’ नको. ‘व्रात्ने’ म्हणजे परत करता येणाऱ्या, ज्यांची अनामत मिळते त्या. बाटली धुऊन पुन्हा भरतात. निवृत्त माणसाबद्दलचं म्हणणं त्या शब्दातच आहे. ‘परतीच्या बाटल्या’ ठेवा.

ए-३०४: मान्य. पण माझ्याकडे अर्ध्यानंतर ओळी मागेपुढे होतायत. व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच दाबून बघितलं, पुढे पुन्हा तेच.

सी-५०१: त्या बटणांनी सगळ्या ओळी सारख्याच सरकतात, एका वेळी ५० मिलिसेकंद. तुमची फाइल सेकंदाला २५ फ्रेमची असेल आणि चित्रपट २४ चा. सुरुवात जुळते, मग अंतर वाढत जातं. १०० मिनिटांना साधारण ४ मिनिटं. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट २५ वरून २४ करा, मग पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. फाइल यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्येच सेव्ह करा, नाहीतर मराठी अक्षरं नीट दिसणार नाहीत. पेनड्राइव्ह टीव्हीला लावू नका, बऱ्याच टीव्हींवर जोडाक्षरं फुटतात. लॅपटॉप एचडीएमआयने जोडा.

बी-१०२: एका वेळी दोनच ओळी, ओळीत ३५ च्या आसपास अक्षरं. आजोबांना वाचायला वेळ लागतो. ट्रेनमधली स्वप्नं मोठ्यांसाठी आहेत, लहान मुलांना आणू नये असं सूचनेत लिहा. हक्कधारकाची परवानगी आली का?

ए-३०४: मेल केलाय. उत्तर आल्याशिवाय नोटीस लावत नाही. लग्नाच्या वाढदिवसाच्या फुग्याच्या सफरीत संवाद आणखी छाटू?

बी-१०२: हो. तिथे दोघांचे चेहरे बघू द्या.