मदत हवी आहे: आल्प्समध्ये लिफ्टच्या रांगेत घुसायचं की थांबायचं?

नमस्कार मंडळी,

मी स्कीइंग शिकले कोलोरॅडोत. तिथे चेअरलिफ्टच्या (म्हणजे तारेला लटकून उतारावर वर नेणाऱ्या खुर्च्यांच्या) पायथ्याशी दोऱ्या लावून रांगा आखलेल्या असतात आणि दोन रांगा जुळतात तिथे एकदा इकडचे, एकदा तिकडचे असं आळीपाळीनं जातात. एकट्यांची रांग वेगळी. खुर्चीत जागा उरली की त्यातला एकजण बसतो.

सध्या ऑस्ट्रियात आहोत. इथे रांग म्हणजे नरसाळं! सगळे रुंदीत पसरून उभे आणि गेटाच्या दिशेनं इंचाइंचानं सरकतात. काल एका आजोबांनी माझ्या दोन स्कींच्या मधोमध आपली स्की सारली आणि अगदी शांतपणे पुढे निघून गेले. चेहऱ्यावर ना राग, ना घाई. त्यामुळे हा उद्धटपणा की इथली रीत, तेच कळेना. एफआयएसचे (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे) दहा नियम वाचले. उतारावर कुठे थांबायचं, कुणाला कसं ओलांडायचं, सगळं आहे. रांगेबद्दल अवाक्षर नाही.

जागा कशी राखायची? आम्ही चौघं आहोत, गेटाशी पोचेपर्यंत पांगतो. आणि खुर्चीत टेकतो न टेकतो तोच शेजारचा न विचारता खुर्चीची सुरक्षा-दांडी डोक्यावरून खाली ओढतो, हे नेहमीचंच का?

(नवरा म्हणतो, कोपर वापर. तो सल्ला मिळालेला आहे.)

प्रतिसाद १
रीतच आहे, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही सभ्यपणे सोडलेली फट इथे ‘या, पुढे जा’ अशीच वाचली जाते. पुढच्याच्या स्कीवर न चढता तिच्या बाजूनं आपली टोकं पुढे सरकवत राहा. कडेच्या दोरीला धरून उभं राहिलं की रेटा एकाच बाजूनं येतो. चौघांनी शेजारी शेजारी राहायचा हट्ट सोडा, एकामागे एक चला. गेट ओलांडल्यावर खुर्चीच्या आधी थोडी जागा असते, तिथे जमा. दांडी इथे लगेच खाली येते, डोकं मागे ठेवा. आणि प्रशिक्षकाबरोबरची मुलं बाजूनं पुढे गेली तर जाऊ द्या, बऱ्याच ठिकाणी स्की स्कूलला वेगळी वाट असते.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण स्कीवर चढणं इथेही कुणाला आवडत नाही. मागे वळून नुसतं आपल्या स्कीकडे बघायचं, बहुतेकजण पाय मागे घेतात.

अजून एक: लिफ्टचा पास डाव्या खिशात ठेवा, गेटावरचा पास वाचणारा रीडर बहुधा त्याच बाजूला असतो. फोन दुसऱ्या खिशात. गेट उघडलं नाही की मागचं अख्खं नरसाळं तुमच्यावर येतं.