रद्दीतल्या अल्बमचे फोटो प्रदर्शनात लावणं योग्य आहे का?

मांजराकाठ (लातूर)
हल्ली बरेच कलाकार जुन्या बाजारातून लोकांचे अल्बम विकत घेतात आणि त्यातले फोटो मोठे करून प्रदर्शनात लावतात. फोटोतल्या माणसाचं नाव-गाव शोधायची खटपटही केली नसेल, तर मला हे मान्य नाही. कलाकार विवान सुंदरम यांच्या ‘री-टेक ऑफ अमृता’ या फोटोमालिकेचा (2001-02) दाखला नेहमी दिला जातो. पण त्यातले जुने फोटो बहुतेक त्यांच्या आजोबांनी, उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले आणि चित्रकार अमृता शेरगिल ही विवान यांची सख्खी मावशी. वेगवेगळ्या काळातली घरची माणसं त्यांनी संगणकावर एका चौकटीत आणली. किलोच्या भावाने घेतलेल्या अल्बमला हा दाखला कसा लागू होईल?

शहागंज (छत्रपती संभाजीनगर)
अजिबात पटलं नाही. अल्बम रद्दीत घातला कोणी? घरच्यांनीच ना! वाडा पाडायला काढला की आधी ट्रंका बाहेर पडतात. कलाकाराने उचलला नसता तर त्याचा लगदा झाला असता. फ्रेंच कलाकार ख्रिस्तियाँ बोल्तान्स्कीने अनोळखी माणसांचेच फोटो वापरले. नाव नसलं म्हणूनच बघणाऱ्याला त्यात आपलं माणूस दिसतं.

तेरणाकाठ (औसा)
गॅलरीत दिसत असेल. आमच्याकडचे फोटो रद्दीत नाही, ढिगाऱ्यात गेले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरं बसली. चुलतीचा एकच फोटो राहिलाय. खालचा कोपरा ओल लागून फुगलाय, मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का आहे आणि चुलत्याच्या हातचं पेन्सिलीतलं तिचं नाव. तो नावाशिवाय टांगला तर खाली ‘भूकंपग्रस्त महिला’ एवढंच लिहिणार. ती तेवढीच नव्हती हो.

शहागंज
तुमच्या फोटोपुरतं मान्य, दादा. पण सगळ्यांना तोच नियम लावू नका. ऐंशीच्या दशकातले रंगीत प्रिंट घरोघरी लाल पडत चाललेत. नावं सापडेपर्यंत चेहरेच उरायचे नाहीत.

मांजराकाठ
मग स्कॅन आजच करा, कोण अडवतंय? प्रदर्शनाची घाई कशाला? आणि 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. रद्दीवाला कागद विकतो, हक्क नाही. निदान फोटोची मागची बाजू शेजारी लावा आणि शिक्का ज्या गावचा, तिथल्या शाळेत आधी मांडा. कुणीतरी ओळखेलच.

शहागंज
मागची बाजू लावायला हरकत नाही. आधी गावात मांडायची अट मात्र मला मंजूर नाही. कुणी ओळखून ‘काढा’ म्हणालं, तर वर्षभराचं काम गुंडाळायचं का?

तेरणाकाठ
हो. तेवढा एक फोटो काढायचा.