अनेक फोटो जोडून केलेल्या फोटोवर मत द्यायचं कसं? मी ‘फेक वाटतंय’ म्हणालो अन् पोरगं गप्पच झालं

शेंगाचटणी_७७
आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, रविवारी पहाटे कॅमेरे घेऊन कधी सिद्धेश्वर तलाव, कधी किल्ला, कधी नान्नजकडं असं फिरतो. त्यात माझा मावसभाऊ नवीन आलाय, कॉलेजात आहे. चार-पाच दिवसांपूर्वी त्यानं ग्रुपवर गड्ड्याचा, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा फोटो टाकला. त्यात दुपारच्या अक्षता सोहळ्यातले नंदीध्वज (यात्रेत खांद्यावर नाचवतात त्या उंच काठ्या), मागं रात्रीचं दारूकाम, खाली तलाव अन् वर हा एवढा मोठा चंद्र, सगळं एकत्र, चार रात्री जागून केलेलं. बाकीच्यांनी ‘लै भारी’, ‘कडक’ टाकलं, मी एकट्यानंच ‘फेक वाटतंय रे’ लिहिलं. दहा मिनिटात डिलीट. आता चार दिवस झाले बोलत नाही, रविवारी पण आला नाही. मला खरंच मदत करायची होती हो, पण काहीतरी खटकतंय एवढंच कळत होतं, काय ते सांगता येईना. साध्या फोटोला फ्रेम, एक्स्पोजर असं काहीतरी बोलता येतं, इथं सुरुवात कुठून करायची?

अल्बमवाला
जोडलेला फोटो फेक असणारच, ते त्याला तुमच्याआधी माहितीये. त्याला पाहिजे ते हे की नेमकं कुठं उघडं पडलं. मी लग्नाचे अल्बम करतो, रोजचं कटिंगचं काम, तर मी आधी एकच बघतो, उजेड कुठून येतोय. नंदीध्वजवाले दुपारचे, म्हणजे ऊन वरून, हनुवटीखाली अन् डोळ्यांच्या खोबणीत सावली. दारूकाम मागं, म्हणजे उजेड मागून अन् रंगीत. मग खांद्याच्या, हाताच्या कडा उजळायला पाहिजेत अन् तोंडं काळवंडायला पाहिजेत. त्यात अंगात बाराबंदी, म्हणजे यात्रेतला तो बंदांचा अंगरखा, पांढरीशुभ्र! पांढऱ्या कपड्यावर चोरी सगळ्यात आधी सापडते. मागं केशरी जाळ पेटलाय अन् बाराबंदी निरम्यातून काढल्यागत, डोळा मानतच नाही. त्याला म्हणा माणसांचा लेअर (वर चढवलेला तो वेगळा थर) आधी डार्क कर, कडांना केशरी चढव, अन् मास्कची, म्हणजे कापलेल्या आकाराची कड एखाद-दोन पिक्सेल आत घे, दुपारच्या आभाळाची पांढरी रेघ राहिली असेल बघ केसांभोवती. आणि ग्रुपवर नका सांगू, चहाला बोलवा.

रात्रपाळी
चंद्राचं मी सांगतो. सेन्सरवर चंद्र साधारण फोकल लेंग्थ भागिले ११० एवढा पडतो. २४ एमएम लेन्सला ०.२२ मिमी. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद, म्हणजे ६००० पिक्सेलच्या फोटोत जेमतेम ३७ पिक्सेल, टिकलीएवढा. नंदीध्वज अन् तलाव दोन्ही मावलेत म्हणजे लेन्स वाइडच असणार, तिथं ताटाएवढा चंद्र येत नाही. पण ही चूक म्हणून नका सांगू, मुद्दाम मोठा केलास का ते विचारा आधी. स्वप्नातला पाहिजे असेल तर अजून मोठा कर म्हणा, अर्धवट मोठा चंद्रच चुकल्यासारखा दिसतो. आणि तलावात दारूकामाचं प्रतिबिंब आहे का? नसेल तर तेच खटकत असणार तुम्हाला.

जुनी_मिल
काय करलालेत बे सगळे. अक्षता एका दिवशी दुपारी, दारूकाम नंतर वेगळ्या दिवशी रात्री, दोन्ही एकत्र चिकटवलं तर ती यात्राच नाही अन् फोटोग्राफीपण नाही. आमच्या वेळी रोलमध्ये जे आलं ते आलं.

अल्बमवाला
काका, रोलच्या कितीतरी आधीपासून चाललंय हे. रेलँडर म्हणून एक जण होता इंग्लंडात, त्यानं १८५७ साली ३० च्या वर निगेटिव्ह जोडून एकच फोटो केला होता, तेव्हापण लोक असेच चिडले होते. पण तुमचं एक बरोबर, खाली ‘कंपोझिट’, म्हणजे जोडून केलेला, असं लिहायलाच पाहिजे. सोलापूरकराला लगेच कळेल, बाहेरचा माणूस मात्र खरं समजून बसेल.

शेंगाचटणी_७७
सात रस्त्याला चहाला बोलवलं काल. आधी सॉरी म्हणालो, मग विचारलं की तुला दाखवायचं काय होतं. म्हणे आज्जीला आता गर्दीत नेता येत नाही, तिला अख्खा गड्डा एकाच फोटोत दाखवायचा होता. मी म्हटलं मग चंद्र कशाला? तर म्हणे वरची जागा रिकामी दिसत होती 😄 चंद्र काढला तिथल्या तिथं. पीएसडी, म्हणजे सगळे लेअर वेगळे राहतात ती फोटोशॉपची फाइल, ठेवली होती पठ्ठ्यानं. बाराबंदीचं सांगितल्यावर स्वतःच झूम करून बघत बसला, चहा गार झाला. आता प्रतिबिंबावर अडकलाय, दारूकामाचा लेअर उलटा करून तलावात टाकला पण पाणी आरशासारखं दिसतंय. काय करायचं?

रात्रपाळी
उभ्या दिशेनं मोशन ब्लर द्या, हलत्या पाण्यात उजेड खाली लांबत जातो. त्यावर थोडं डिस्प्लेस (लाटांप्रमाणे चित्र वाकवणारा फिल्टर), पण लाटा त्याच तलावाच्या फोटोतून घ्या, दुसरीकडच्या नको. आणि वरच्या दारूकामापेक्षा जरा मंद ठेवा. झाला की टाका इथं, ‘लै भारी’ नाही म्हणणार, झूम करून बघू.