पक्षाघातानंतर ताई ची: उपचार की नुसतं समाधान?

संथगती
बाबांना स्ट्रोक येऊन चौदा महिने झाले. उजवी बाजू गेली होती, आता काठी घेऊन चालतात. फिजिओची सेशन्स संपली आणि व्यायामही संपला. रबरी चेंडू उशाशी धूळ खातोय. दोन महिन्यांपासून मी त्यांच्याकडून ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, करून घेतेय. आधी सगळं वजन डाव्या पायावर न्यायचं, उजवा पाय 'रिकामा' झाला की मगच उचलायचा. नेमकं हेच ते विसरले होते, पाय तसाच फरफटायचा. आता समोर खुर्ची, अधू बाजूला मी.

ही फॅशन नाही. अमेरिकेत 2014 साली स्ट्रोक झालेल्या 145 जणांवरचा अभ्यास आला. बारा आठवड्यांत ताई चीच्या गटात माणसं पडल्याचे प्रसंग 5, बाकी दोन गटांत 14 आणि 15. तरी डॉक्टर याचं नावही काढत नाहीत. का?

शंकासुर
कारण 5 आणि 15 हे आकडे इवलेसे आहेत. दोनतीन माणसं धडपडली असती तर चित्र पालटलं असतं. शिवाय आपण कुठल्या गटात आहोत हे रुग्णाला माहीतच असतं, इथे खोटी गोळी देता येत नाही. हाँगकाँगच्या 2009 च्या अभ्यासात (136 जण) उभ्याने तोल सुधारला, पण खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायच्या चाचणीत फरक पडला नाही. जे घोटाल तेच सुधारतं. चालायचं असेल तर चालायला लावा. आणि अंगातून वाहते म्हणतात ती 'ची' ऊर्जा कुठल्या नसेतून वाहते, तेही सांगा!

संथगती
ऊर्जेचं नाव मी काढलंच नाही, तुम्हीच काढलंत. मी करून घेते तो 24 हालचालींचा संच चीनच्या क्रीडा आयोगाने 1956 मध्ये बसवलाय, त्यामुळे 'हजारो वर्षांची विद्या' म्हणून मी तो विकतही नाहीये. चालायला बाबा कंटाळतात, हे मात्र आपणहून मागतात. न केलेल्या उत्तम व्यायामाचा उपयोग काय?

फिजिओताई
वजन सरकवण्याचं संथगतींचं म्हणणं बरोबर, आम्हीही तेच शिकवतो. माझी भीती खांद्याची. बादुआनजिन या ताई चीसारख्याच चिनी व्यायामाची पहिलीच हालचाल बघा: बोटं गुंफून दोन्ही हात डोक्यावर, जणू आभाळ उचलायचं. लुळ्या हाताचा खांदा बऱ्याचदा खोबणीतून खाली घसरलेला असतो. चांगल्या हाताने तो वर ओढला की दुखणं मागे लागतं, आणि मग माणूस त्या हाताला शिवूही देत नाही. अशांनी हात खांद्याच्या वर नेऊ नये. बसून करायचा ताई चीही आहे. चीनमध्ये 2022 च्या चाचणीत 160 रुग्णांवर तपासला, हाताला फायदा दिसला.

आणि घाई नको. 2015 च्या 2104 रुग्णांच्या चाचणीत पहिल्या 24 तासांतच जोरात हालचाल सुरू केलेल्यांची स्थिती तीन महिन्यांनी उलट कमी चांगली निघाली. तो ताई ची नव्हता, पण उत्साही नातेवाइकांनी लक्षात ठेवावं.

शंकासुर
फिजिओताईंच्या देखरेखीखाली असेल तर माझी तक्रार निम्मी. उरलेली निम्मी अशी की 'सुधारलेत' हे मुलीचे डोळे सांगतायत. ती तीन मीटरची चाचणी घरी घ्या आणि सेकंद लिहा.

संथगती
आत्ता घेतली. काठीसकट 31 सेकंद. दोन महिन्यांपूर्वीचा आकडा माझ्याकडे नाही, तुमचा हा मुद्दा बिनशर्त मान्य. पुढच्या महिन्यात परत मोजते. बाबा विचारतायत, "शंकासुराला स्वतःला किती लागतात?"