घरापुढची हिरवळ उंचसखल झाली आहे. गवत न काढता ती समतल करता येईल का?

प्रश्न: पारिजात, सातारा

नमस्कार. आमच्या घरापुढे साधारण हजार चौरस फुटांची हिरवळ आहे. घराचे बांधकाम संपल्यावर मूळच्या काळ्या जमिनीवर लाल मातीचा थर पसरून त्यावर मेक्सिकन गवताच्या तयार लाद्या बसवल्या होत्या. सुरुवातीची काही वर्षे पृष्ठभाग चांगला राहिला. आता मात्र तीन ठिकाणी तीन प्रकारची अडचण दिसते. कुंपणाच्या बाजूला गवताचे गोलसर, मऊ उंचवटे झाले आहेत. फाटकापासून टाकीपर्यंत एक लांबट, सरळ पट्टा खचला असून पावसाळ्यात तेथे पाणी साचते. घराच्या भिंतीलगतची जमीनही खाली बसली आहे आणि त्यामुळे पाणी जोत्याकडे येते.

यंत्राने गवत कापताना उंचवट्यांवरचे गवत बुडापर्यंत कापले जाऊन तेथे तपकिरी डाग पडतात, आणि खळग्यांतले गवत तसेच उंच राहते. सासूबाई रोज सकाळी या हिरवळीवर चालतात, त्यामुळे त्यांचा पाय मुरगळण्याची भीती मला अधिक वाटते. आमच्या माळीकाकांचे मत असे की सगळीकडे दोन इंच लाल माती पसरून वरून जड रोलर फिरवावा. एका परिचितांनी तर सगळे गवत उपटून नव्याने लावण्याचा सल्ला दिला. गवत निरोगी आहे, म्हणून ते वाचवावे असे मला मनापासून वाटते. रोलर योग्य ठरेल का, माती किती व कोणती लागेल, आणि सध्या जानेवारीच्या थंडीत काम सुरू करावे का, हे कृपया सांगावे.

उत्तर: भूमिपुत्र

आपण तीन ठिकाणांचे वर्णन वेगवेगळे केले हे फार चांगले झाले, कारण माझ्या मते या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांवर एकच उपाय चालणार नाही. उंचसखलपणा गवतात आहे, मातीत आहे की मातीच्याही खाली आहे, हे ठरवल्याशिवाय मातीची एक पाटीही मागवू नये.

कुंपणाजवळचे मऊ उंचवटे बहुधा मातीचे नसावेत. आपल्याकडे मेक्सिकन किंवा कोरियन कार्पेट या नावाने विकले जाणारे बारीक पात्यांचे गवत झोयशिया प्रजातीतले असते. वेळच्या वेळी कापले नाही तर ते स्वभावतःच गादीसारखे फुगत जाते. हिरव्या पात्यांखाली वाळलेल्या खोडांचा आणि मुळांचा तपकिरी, स्पंजासारखा थर साचतो व पृष्ठभाग वर उचलला जातो. खात्री करण्यासाठी उंचवट्याच्या मध्यभागी धारदार सुरीने चार बोटे लांबीचा उभा काप घेऊन बाजू उलगडून पाहावी. तपकिरी थर अर्ध्या इंचापेक्षा जाड असेल तर दोष त्या थराचा आहे. अशा जागी वरून माती घातल्यास उंचवटा आणखी वाढेल. त्याऐवजी गवत वाढीला लागल्यावर लोखंडी दाताळ्याने हा थर उभा-आडवा विंचरून काढावा आणि कापणीची उंची टप्प्याटप्प्याने कमी करत न्यावी. एका वेळी पात्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापू नये. झोयशियाची वाढ संथ असते, त्यामुळे विंचरलेला भाग काही आठवडे विरळ दिसेल. त्याने घाबरून जाऊ नये.

सरळ रेषेतला खचलेला पट्टा म्हणजे जवळजवळ निश्चितच पाण्याच्या नळासाठी खणलेला चर आहे. चर भरताना माती थराथराने दाबली नाही की ती पुढची अनेक वर्षे बसत राहते. खोली इंचभरापेक्षा कमी असेल तर गवतावरूनच बारीक, चाळलेली माती देता येते. एका वेळी सुमारे एक सेंटिमीटरचा थर द्यावा, तो झाडूने पात्यांच्या मुळाशी उतरवावा आणि पात्यांची टोके उघडी राहिली पाहिजेत. गवत त्यातून वर आले की पुढचा थर द्यावा. पूर्ण झाकले गेलेले गवत गुदमरते, म्हणून एकदम दोन इंच माती पसरणे मला धोक्याचे वाटते.

खळगा त्याहून खोल असेल तर गवत उलगडून काम करावे लागेल. धारदार फावड्याने इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे काप घेऊन, दीड-दोन इंच मातीसह गवताच्या दोन्ही झडपा हलक्या हाताने मागे दुमडाव्यात. खालची माती थोडी खरवडून तिच्यावर नवी माती थराथराने भरावी, प्रत्येक थर धुमसाने दाबावा आणि झडपा परत बसवाव्यात. भरलेली जागा भोवतालच्या पातळीपेक्षा सुमारे अर्धा इंच उंच ठेवावी, कारण ती पुढे थोडी बसतेच. खोल भरावाच्या मातीत शेणखत फार मिसळू नये. ते कुजून आटले की खळगा पुन्हा तयार होतो.

जड रोलरविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो वापरू नये. क्रिकेटच्या खेळपट्टीवर जड रोलर फिरवतात, कारण तेथे माती घट्ट आणि कठीण व्हावी हाच हेतू असतो. हिरवळीला याच्या अगदी उलट जमीन हवी. ओल्या चिकण जमिनीवर रोलर फिरवला की मातीतल्या हवेच्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही आणि मुळे वरच्या थरातच अडकतात. उंचवटे तर तसेच राहतात. परत बसवलेल्या झडपा मातीला नीट टेकाव्यात एवढ्यापुरता हलका दाब पुरेसा असतो, आणि तो फळी ठेवून तिच्यावर उभे राहूनही देता येतो.

उत्तर: जोते आणि उतार

मी बांधकाम क्षेत्रात काम करतो, म्हणून भिंतीलगतच्या भागाविषयी लिहितो. पायाच्या बाजूचा भराव कच्चा राहिला की जमीन अशी बसते, आणि आपल्या तिन्ही अडचणींपैकी हीच आधी सोडवण्यासारखी आहे. जोत्याकडे येणारे पाणी भिंतीत ओल चढवते. शिवाय मूळ जमीन काळी असल्यामुळे ती ओलीने फुगते व वाळली की आकसते, आणि ही हालचाल पायालगत चालू राहणे घरासाठी चांगले नाही.

येथे ‘समतल’ म्हणजे पाण्याच्या पातळीसारखे आडवे नव्हे. भिंतीपासून बाहेर दर दहा फुटांना सव्वा ते अडीच इंच उतार हवा. तो डोळ्यांनी ठरवू नये. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी घ्यावी, खुंट्या ठोकून त्यांवर पातळीच्या खुणा कराव्यात, त्या खुणांपासून उताराचे अंतर मोजून सुतळी ताणावी आणि मग माती अ‍ॅल्युमिनियमच्या लांब पट्टीने ओढावी. भराव जोत्याच्या वरच्या कडेपर्यंत चढवू नये. जोत्याचा काही भाग उघडा राहिला म्हणजे वाळवीची वाटही दिसून येते.

नळाचा पट्टा भरण्याआधी गळती तपासावी. रात्री सगळे नळ बंद करून, टाकी भरणेही थांबवून मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. आकडा पुढे सरकला असेल तर माती गळतीमुळेही वाहून जात असेल, आणि मग कितीही भराव घातला तरी तो टिकणार नाही.

प्रमाणाचा हिशेब असा: हजार चौरस फुटांवर अर्धा इंच थर दिला तर सुमारे 42 घनफूट माती लागते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणून संपूर्ण हिरवळीलाही अर्ध्या ब्रासपेक्षा कमी पुरेल. आपल्याला फक्त खळगे भरायचे आहेत, त्यामुळे त्याहूनही कमी लागेल. पूर्ण गाडी मागवल्यास उरलेली माती कोठेतरी पसरण्याचा मोह होतो.

उत्तर: रोपवाटिका, उरळी कांचन

मातीच्या प्रतीबद्दल थोडे. वरून देण्यासाठी दोन भाग चाळलेला पोयटा (गाळाची सुपीक माती), एक भाग भरड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत असे मिश्रण चांगले. केवळ वाळू देऊ नये. चिकण जमिनीवर तिचा वेगळाच थर बसतो आणि पाणी दोन थरांच्या सीमेवर अडते. क्रश सँड वापरायची असेल तर धुतलेली घ्यावी, कारण दगडाची बारीक भुकटी ओली होऊन वाळली की कडक पापुद्रा धरते.

अर्धवट कुजलेले शेणखत अजिबात घेऊ नये. त्यातून हुमणीच्या अळ्या येतात व गवताची मुळे खातात. पोयट्याबरोबर येणाऱ्या लव्हाळ्याच्या गाठींचा धोका तर त्याहून मोठा आहे, कारण लव्हाळा एकदा बारीक गवतात शिरला की तो निवडून काढणे अतिशय कष्टाचे होते. माती आणल्यावर तिचा लहान ढीग ओला करून दोन-तीन आठवडे उन्हात ठेवावा. लव्हाळ्याचे कोंब दिसले तर ती माती परत पाठवावी.

पारिजात

सर्वांचे मनापासून आभार. सुरीने काप घेऊन पाहिला. कुंपणाजवळ तपकिरी थर इंचभर जाड आहे, आणि त्याखालची माती भोवतालच्या पातळीतच आहे. नळाच्या पट्ट्याची खोली सर्वांत खोल जागी तीन इंच भरली. मीटर सकाळी तेथेच होता. माळीकाकांना हे सगळे वाचून दाखवले आणि रोलर न वापरण्याचे त्यांनाही पटले. आता प्रश्न केवळ वेळेचा उरला आहे.

उत्तर: भूमिपुत्र

मीटर स्थिर आहे हे वाचून बरे वाटले. थंडीत हे गवत जवळजवळ झोपलेले असते, त्यामुळे आता विंचरलेल्या किंवा उलगडलेल्या जागा लवकर भरून येणार नाहीत. फेब्रुवारीच्या अखेरीस रात्रीची थंडी ओसरली आणि नवी पाने दिसू लागली की काम सुरू करावे. तोपर्यंत माती आणून लव्हाळ्याची परीक्षा पूर्ण करता येईल. भिंतीलगतचा उतार आणि नळाचा पट्टा आधी घ्यावा, म्हणजे पावसाळ्याआधी गवताला मुळे धरण्यास पुरेसा अवधी मिळेल. कुंपणाजवळचा भाग अर्धा-अर्धा करून विंचरावा.

पातळी मोजण्याच्या दोन दिवस आधी सगळीकडे सारखे, भरपूर पाणी द्यावे. कोरडी काळी जमीन कोठे कमी, कोठे जास्त आकसलेली असते, आणि त्या अवस्थेत घेतलेली मापे पावसाळ्यात जुळत नाहीत. झडपा परत बसवल्यावर पहिले दोन आठवडे रोज सकाळी हलके पाणी द्यावे आणि सासूबाईंना त्या पट्ट्यावरून न चालण्याची विनंती करावी.