कायदा, इतिहास आणि धोरण यांवरील ग्रंथ कोणत्या क्रमाने वाचावेत?

प्रश्न : पंचवटीतला वाचक

नमस्कार. आम्ही सात जण एक आड एक रविवारी पंचवटीत एकत्र बसून वाचतो. त्यांत तिघे निवृत्त आहेत, दोघी शिक्षिका आहेत, एक औषधविक्रेते आहेत आणि एक तरुण स्पर्धा परीक्षांचा नाद नुकताच सोडून आमच्यात आला आहे. यंदा राज्यघटना नीट समजून घ्यायची असे ठरवून ग्रंथालयातून घटनेवरचा एक जाडजूड भाष्यग्रंथ आणला. चौसष्टाव्या पानावर आमची गाडी अडली आहे. त्या पानावर मजकुराच्या जेमतेम पाच ओळी असून उरलेले सगळे पान खटल्यांच्या नावांनी भरलेल्या तळटिपांनी व्यापले आहे. मराठीत जे चटकन हाती लागते, त्यातील बरेचसे परीक्षेसाठी लिहिलेले असते. त्यातून कलमांचे क्रमांक पाठ होतात, पण ते कलम घटनेत का आले, याचा पत्ता लागत नाही. राजकारणावरील पुस्तके भरभर वाचून होतात खरी, मात्र लेखक कोणत्या बाजूचा आहे हे पहिल्याच प्रकरणात कळते आणि मग आमचा वाद पुस्तकाशी न होता आपापसांतच होतो.

मूळ मजकूर आधी वाचावा की त्यावरचे ग्रंथ? कायदा आधी घ्यावा की इतिहास? जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

उत्तर : जिल्हा न्यायालयातील एक वकील

आपण वाचायचे पुस्तक चुकीचे निवडलेले नाही, ते वापरायची रीत तेवढी चुकली आहे. भाष्यग्रंथाचे पारायण करायचे नसते. पंचांग जसे कोणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही, मुहूर्त पाहायचा असला की तेवढे पान उघडतो, तसाच आम्ही वकील हा ग्रंथ वापरतो.

माझी सूचना अशी की एकच कलम घ्यावे आणि त्याच्या मागे-पुढे वाचावे. उदाहरणार्थ अनुच्छेद १७ घ्या. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, असे सांगणारा हा अनुच्छेद अवघ्या काही ओळींचा आहे. मसुद्यात तो अनुच्छेद ११ होता आणि २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने तो संमत केला. त्या दिवशीची चर्चा काढून वाचावी. ती लांब नाही आणि इंग्रजी सोपे आहे. ज्या शब्दावर सगळा अनुच्छेद उभा आहे त्याची व्याख्याच दिलेली नाही, हा मुद्दा के. टी. शहा यांनी तिथेच उपस्थित केला होता. नझिरुद्दीन अहमद यांनी वेगळ्या शब्दरचनेची दुरुस्ती सुचवली; ती डॉ. आंबेडकरांनी स्वीकारली नाही. आजही घटनेत तो शब्द अवतरणचिन्हांत आहे आणि त्याची व्याख्या नाही. असे का, यावर आपला एक रविवार सहज निघेल.

त्यानंतर अनुच्छेद २५ मधील खंड (२)(ख) पाहावा. सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांतील हिंदूंना खुल्या करणारा कायदा करण्याचा अधिकार राज्याला तिथून मिळतो. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या मंदिरप्रवेश कायद्यानंतर मुंबई राज्याने १९५६ मध्ये असा कायदा केला होता. अहमदाबादच्या स्वामिनारायण सत्संगींनी आपला पंथ हिंदू धर्मात मोडत नाही, म्हणून मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्याला लागू होत नाही, अशी भूमिका न्यायालयात घेतली. १९४८ मध्ये सुरू झालेला हा वाद सर्वोच्च न्यायालयात १४ जानेवारी १९६६ रोजी संपला आणि निकालपत्र आपल्या मराठी मुलखातील सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिले. हिंदू कोणाला म्हणावे, याचा ऊहापोह त्यात पानोपानी आहे. तो पटलाच पाहिजे असे नाही. मला स्वतःला त्यातील काही भाग निकालापेक्षा प्रवचनाच्या जवळचा वाटतो.

एवढे झाल्यावर भाष्यग्रंथ पुन्हा उघडा. तळटिपांतील नावे तेव्हा ओळखीची वाटू लागतील. संविधान सभेचे काम समजण्यासाठी ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांचे १९६६ सालचे पुस्तक त्यानंतर घ्यावे, आधी नको.

उत्तर : नाशिकरोडचा इतिहासवाचक

वकीलसाहेबांच्या उत्तराबद्दल आदर बाळगूनही मला त्यांचा क्रम उलटा वाटतो. आपण सारे पंचवटीत बसता. काळाराम मंदिर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. २ मार्च १९३० रोजी जो सत्याग्रह त्या दारांपाशी सुरू झाला, त्याची हकीकत न वाचता १९४८ ची चर्चा वाचणे म्हणजे उत्तर आधी वाचून प्रश्न नंतर शोधणे होय.

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या मालिकेतील सतराव्या खंडाच्या पहिल्या भागात महाड आणि नाशिक या दोन्ही लढ्यांची कागदपत्रे एकत्र आहेत. ती शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण खरा कायद्याचा धडा त्या तुलनेत आहे. महाडच्या मागे सीताराम केशव (सी. के.) बोले यांचा मुंबई विधिमंडळातील १९२३ चा ठराव होता. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने सर्वांना खुले असावेत, असे तो सांगत होता. म्हणून चवदार तळ्याचा प्रश्न दिवाणी न्यायालयात लढवता आला आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये तो डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकालात काढला. त्या ठरावात मंदिरांचे नावही नव्हते. नाशिकच्या सत्याग्रहींच्या हाती त्यामुळे नैतिक बळ होते, मात्र दाखवायला कागद नव्हता. भाऊराव तथा दादासाहेब गायकवाडांनी वर्षानुवर्षे लढा चालवला, तरी दार उघडले नाही आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, धर्मांतराची घोषणा झाली. मंदिरप्रवेशाचा मुंबई प्रांताचा कायदा आला तो १९४७ मध्ये.

गटातील ज्यांना इंग्रजी जड जाते, त्यांनी चां. भ. खैरमोडे यांच्या मराठी चरित्राचे या काळावरील खंड वाचावेत.

उत्तर : जिल्हा न्यायालयातील एक वकील

महाड आणि नाशिकची तुलना मला मान्य आहे आणि क्रमाबाबतचा माझा आग्रह मी सोडतो. एवढेच की १९३७ चा निकालही मुळातून वाचावा. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी फार प्राचीन आहे, हे वादी असलेल्या सवर्णांना सिद्ध करता आले नाही, हा त्याचा कणा आहे. तत्त्वाची मोठी घोषणा शोधायला जाल तर निराश व्हाल.

उत्तर : पाटबंधारे खात्यातून निवृत्त

सार्वजनिक धोरणाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. धोरण समजून घ्यायला नाशिककराने गंगापूर आणि दारणा धरणांतून जायकवाडीला सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा विषय घ्यावा. २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम काढून त्यातील कलम १२ चे पोटकलम (६)(ग) वाचावे. मग मेंढेगिरी समितीचा अहवाल घ्यावा. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे, याची मांडणी त्यात आहे. शेवटी उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल वाचावा. कायद्यातील ‘समन्यायी’ हा एक शब्द प्रत्यक्षात कालव्याच्या दारापर्यंत कसा पोहोचतो, ते या तीन दस्तऐवजांत जितके स्वच्छ दिसते तितके मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात दिसलेले नाही.

पंचवटीतला वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाण्याचा विषय तूर्त बाजूला ठेवतो, कारण आमच्यातील दोघांची निफाडला द्राक्षबाग आहे आणि एका बाईंचे माहेर पैठणचे आहे. वाचन राहील आणि भांडण होईल. दिवाळीनंतर धीर करू.

येत्या रविवारी सतराव्या खंडातील नाशिकची कागदपत्रे घेत आहोत आणि त्यापुढच्या बैठकीत २९ नोव्हेंबर १९४८ ची चर्चा प्रत्येकाने एकेका सदस्याची बाजू घेऊन मोठ्याने वाचायची, असे शिक्षिकांनी सुचवले आहे. के. टी. शहांची भूमिका आमच्या तरुणाने आधीच मागून घेतली आहे. भाष्यग्रंथाची मुदत मंगळवारी संपते. तो परत न करता आणखी पंधरा दिवसांसाठी वाढवून घेतो.