2006 ची होंडा सिटी झेडएक्स घ्यावी का? (एमएच-15 म्हणजे नाशिक पासिंग, पहिला मालक)

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडवरच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना त्यांची 2006 ची होंडा सिटी झेडएक्स विकायची आहे. आय-डीएसआय इंजिन (एका सिलिंडरला दोन प्लगवालं), मॅन्युअल गिअर, पहिलाच मालक, 1 लाख 10 हजार किलोमीटर चाललेली. पंधरा वर्षं भरल्यावर आरसी एकदा रिन्यू झालेली आहे. सव्वा लाख म्हणतात, थोडे खाली येतील असं वाटतं.

माझं रोजचं जाणं इंदिरानगर ते अंबड. सासुरवाडी कल्याणला, त्यामुळे अधूनमधून कसारा घाट आहेच. घरचे म्हणतात, एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालण्यापेक्षा सात-आठ वर्षांची मारुती घे, गल्लीत कुणीही दुरुस्त करून देईल. पण मला ही गाडी कॉलेजात असल्यापासून आवडते. ज्यांनी वापरली आहे त्यांनी कृपया सांगा. इंजिनाचा भरवसा धरावा का? पार्ट मिळतात का? आणि बघायला जाताना नेमकं काय बघू?

टूलरूमवाला

माझ्याकडे 2004 ची आय-डीएसआय आहे. शोरूममधून नवी घेतलेली आणि आजही घरात तीच एक गाडी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सातपूरला टूलरूममध्ये नोकरी केली. डाय, फिक्स्चर, गेज, हेच आयुष्य. होंडाची ओढ मला तिथूनच लागली, कारण या कंपनीचा इतिहास मी वाचला तो पिस्टन रिंगेच्या बाजूने. सोइचिरो होंडा गॅरेजमध्ये शिकलेला माणूस. हमामात्सुला स्वतःचं गॅरेज चांगलं चालत असताना त्यांना पिस्टन रिंगा बनवायचं मनात आलं. ओतीव रिंगा ठिसूळ निघत होत्या. कारण सापडेना, तेव्हा ते तिथल्या तांत्रिक शाळेत गेले आणि धातूत सिलिकॉन कमी पडतंय हे तिथे कळलं. मग तिशीतला हा माणूस पोरांबरोबर वर्गात बसून धातुशास्त्र शिकला. टोयोटाकडे तपासणीला दिलेल्या 50 रिंगांपैकी 3 पास झाल्या होत्या. ज्याने कधी लॉट रिजेक्ट झालेला पाहिलाय त्याला हा आकडा काय आहे ते समजेल. पुढे त्याच कारखान्यातून टोयोटाला रीतसर माल जायला लागला. 1945 च्या भूकंपात कारखाना पडला आणि उरलेलं सगळं त्यांनी टोयोटालाच विकलं.

1946 मध्ये लष्कराच्या वायरलेस सेटबरोबरची छोटी जनरेटर इंजिनं भंगारात पडली होती. ती घेऊन त्यांनी सायकलींना बसवली. 1948 मध्ये होंडा मोटर कंपनी उभी राहिली. पहिली चारचाकी निघायला मात्र 1963 उजाडलं, टी-360 हा छोटा ट्रक आणि मागोमाग एस-500. तेव्हा जपानच्या व्यापार खात्याला मोटारी बनवणाऱ्या नव्या कंपन्या नको होत्या. कायदा आला तर दार बंद होईल, म्हणून ही घाई होती.

आता आपल्या विषयाशी जोडलेली गोष्ट. 1970 साली अमेरिकेने धुराचा कडक कायदा केला. बहुतेक कंपन्या धूर सायलेन्सरच्या वाटेत साफ करायच्या मागे लागल्या. होंडाने सीव्हीसीसी इंजिन काढलं. त्यात वर एक छोटी कोठडी आहे. तिथे पेट्रोलचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण आधी पेटतं आणि त्या ज्वाळेने खालचं पातळ मिश्रण पूर्ण जळतं. धूर आतच कमी झाला. 1975 चे निकष या इंजिनाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय पार केले. सोइचिरोंचा स्वतःचा जीव हवेने थंड होणाऱ्या इंजिनात अडकला होता. हाताखालचे तरुण इंजिनिअर म्हणाले, पाण्याने थंड होणारं इंजिन घेतल्याशिवाय धुराचा प्रश्न सुटणार नाही. मालक असून त्यांनी ऐकलं, आणि 1973 मध्ये अध्यक्षपद सोडलं. या प्रसंगामुळे मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. आपल्या कारखान्यांत असं किती मालकांनी केलं असेल?

तुमची आय-डीएसआय मी याच घराण्यातली समजतो. आठ व्हॉल्व्ह आणि आठ प्लग, एका सिलिंडरला दोन. दोन्ही प्लग थोड्या अंतराने ठिणगी टाकतात, म्हणजे मिश्रण दोन बाजूंनी पेटतं आणि नीट जळतं. ताकद कागदावर 77 अश्वशक्ती, 1500 सीसीला ती कमीच. पण टॉर्क 2700 आरपीएमलाच पूर्ण मिळतो. कसाऱ्याला चार माणसं आणि सामान घेऊन तिसऱ्यात शांतपणे चढते, इंजिन रडवावं लागत नाही. हायवेला मला आजही 17 च्या आसपास अ‍ॅव्हरेज मिळतं, एसी लावून. तेव्हा इंजिनाचा भरवसा धरा.

बघताना मात्र हे आठ प्लगच आधी बघा. पुढचे चार बॉनेट उघडलं की हाताशी आहेत. मागचे चार फायरवॉलच्या बाजूला आहेत आणि तिथे पोचायला वायपरखालची जाळी खोलावी लागते. वेळखाऊ काम आहे. एका गॅरेजने मला आठ प्लगचं बिल लावलं होतं. गाडी घाटात थोडी ओढल्यासारखी वाटत होती म्हणून मी जाळी काढून मागचे प्लग बाहेर घेतले. चारही जुनेच. इलेक्ट्रोड झिजून गोल झालेले आणि फीलर गेज घातला तर गॅप मापाच्या कितीतरी वर. बिल पुढे ठेवल्यावर त्यांनी पैसे परत केले, पण मी पुन्हा तिथे गेलो नाही. मागचे प्लग मेले तरी पुढच्यांवर इंजिन चालत राहतं, म्हणून पुष्कळ मालकांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. डॉक्टरांना विचारा, मागचे कधी बदलले. उत्तर आलं नाही तर बदललेले नाहीत असं धरून चाला.

दुसरं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, सेटिंग हाताने करावं लागतं, तेही इंजिन पूर्ण गार असताना. आल्याआल्या गरम इंजिनावर स्पॅनर लावणाऱ्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका. टायमिंगला चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बदलायचा खर्च नाही. (2003 च्या आधीच्या चौकोनी सिटीला बेल्ट आहे. कुणी ती घेणार असेल तर बेल्ट कधी बदलला ते विचारल्याशिवाय गाडी चालवूही नका.)

खरा पैसा खालच्या बाजूला जातो. गाडी बुटकी आहे. सिडकोतले स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यातला त्र्यंबक रोड यांनी तिचं पोट घासलेलं असतंच. लिफ्टवर घ्या. चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला) वेल्डिंग आहे का, ऑइल पाझरतंय का बघा. सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि स्टिअरिंग रॅक यांतला आवाज खडबडीत रस्त्यावर काचा खाली करून ऐका. न्यूट्रलला उभी असताना स्टिअरिंग थरथरत असेल तर इंजिनाचे फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) गेलेत. हे सगळं एकदम निघालं तर पंचवीस-तीस हजार सहज जातात. भाव करताना ते लक्षात असू द्या.

शुभांगी_नाशिकरोड

काकांनी मॅन्युअलबद्दल लिहिलंय. कुणी याच मॉडेलची सीव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिक, बघत असेल तर माझा अनुभव सांगते. बाबांचे गुडघे दुखायचे म्हणून आम्ही 2005 ची सीव्हीटी वापरलेली घेतली होती. बिटको चौकातल्या गर्दीत ती गाडी म्हणजे बाबांना आशीर्वाद वाटायची. मात्र सिग्नलवरून निघताना हळूहळू हिसके द्यायला लागली. स्टार्ट क्लचचा हा त्रास या गिअरबॉक्सला होतोच. आधीच्या मालकाने साधं गिअरऑइल भरून घेतलं होतं. हिला एचएमएमएफ नावाचं होंडाचं खास ऑइलच लागतं. ते दोनदा बदलल्यावर हिसके पुष्कळ कमी झाले, पूर्ण गेले नाहीत. तुम्ही मॅन्युअल घेताय ते बरं.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून सांगते, एअरबॅग. ताकाता कंपनीचे जुने इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतात आणि फुटताना धातूचे तुकडे उडवतात. यात जगभर माणसं गेली आहेत. होंडाने भारतात 2003 ते 2012 मधल्या बऱ्याच गाड्या परत बोलावून फुकट बदलून दिले होते, त्यात सिटीही होती. या गाडीत एअरबॅग असेल तर चॅसी नंबर देऊन कंपनीकडे चौकशी करा. बाकी सगळं नंतर.

ओझरकर

आमच्या घरात होंडा आली ती कायनेटिक होंडा म्हणून. पुण्याच्या फिरोदियांनी 1984 मध्ये होंडाशी करार केला ती स्कूटर. गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबा आणि निघा. आई साडी नेसून ओझरहून मार्केट यार्डला जायची त्या स्कूटरवर, आणि बघायला लोक थांबायचे. सिटी आपल्याकडे आली 1998 मध्ये, पण आमच्याकडे होंडावरचा विश्वास त्याआधीचा.

इंदिरानगरकर, तुम्ही पेट्रोलचाही विचार करा. आता सगळीकडे ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. 1 जानेवारी 2009 नंतर बनलेल्या आपल्या गाड्यांचं मटेरियल ई-20 ला चालतं असं होंडा कंपनी सांगते. 2006 ची त्यात बसत नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील तडकलेत का ते पाहून घ्या आणि घेतल्यावर नळ्या बदलूनच टाका, फार खर्च नाही. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, अर्धी टाकी पाणी धरते.

कागदांचं म्हणाल तर आरसीची मुदत कधी संपते ते आधी बघा. 2021 ला पाच वर्षांसाठी रिन्यू झाली असेल तर पुढचा नंबर 2026 लाच लागतो. वीस वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरणाची फी आता 10,000 आहे, आधी 5,000 होती. वर ग्रीन टॅक्स. नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली नसेल तर तीही. पेठ रोडच्या आरटीओत हे सगळं कुणी करायचं, डॉक्टरांनी की तुम्ही, हे सौद्याच्या वेळीच बोलून घ्या.

इंदिरानगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गाडी पाहिली. आरसी खरंच 2026 पर्यंतच आहे. एअरबॅग नाहीत, त्यामुळे शुभांगीताई, तो प्रश्न नाही (आणि म्हणावं तर तोच प्रश्न आहे, बायकोने लगेच बोलून दाखवलं). काका, मागच्या प्लगबद्दल डॉक्टर म्हणाले, "प्लग बदललेत, किती ते माहीत नाही." चेंबरला खरवड आहे, ऑइलचा थेंब नाही. खडबडीत रस्त्यावर पुढून डावीकडे टक् टक् आवाज येतो. स्टिअरिंग थरथरत नाही. रंग एका दरवाजाचा वेगळा वाटला.

पार्टचं राहिलं. आणि दरवाजाचं काय समजू?

टूलरूमवाला

टक् टक् बहुतेक लिंक रॉडचा किंवा लोअर आर्मच्या बुशचा. दोन्ही किरकोळ आहे. स्टिअरिंग फिरवतानाही येत असेल तर रॅक तपासायला हवा, तो महाग.

दरवाजा एकटाच रंगवला असेल तर घाबरू नका, गल्लीत घासला असेल. रबर काढून पिलरचे (दरवाजाच्या चौकटीच्या खांबाचे) मूळ स्पॉट वेल्ड बघा. कंपनीचे गोल ठिपके एकसारख्या अंतरावर दिसले तर धक्का आतपर्यंत गेलेला नाही. तिथे पुट्टी किंवा हाताचं वेल्डिंग दिसलं तर गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त मिळाली तरी.

पार्ट: फिल्टर, ब्रेक पॅड, बुश, क्लचप्लेट, प्लग हे सगळं नाशकात मिळतं. हेडलाइट, बंपर, आतलं प्लॅस्टिक यांना वेळ लागतो. मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन आणतो. एसीचा कॉम्प्रेसर महाग पडतो, म्हणून भर दुपारी एसी लावून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवा आणि रेडिएटरचा फॅन वेळेवर सुरू होतो का, टेंपरेचर स्थिर राहतं का बघा.

घरच्यांचं एअरबॅगबद्दलचं म्हणणं मी हलकं मानणार नाही. लहान मूल रोज हायवेने न्यायचं असेल तर त्या पैशात एअरबॅग असलेली थोडी नवी जॅझ शोधा, तीही होंडाच. तुमचा वापर अंबडपर्यंतचा आणि अधूनमधून कल्याण असेल तर ही घ्या. भाव मात्र 90 हजारांच्या वर जाऊ नका, कारण आरसी, प्लग, बुश, टायर धरून पहिल्या दोन महिन्यांत पस्तीस-चाळीस हजार लागतील.

मागचे प्लग काढायला डॉक्टर परवानगी देत असतील तर मला कळवा. दहाचा एक्स्टेन्शन आणि सोळाचा प्लग पाना माझ्याकडे आहे, रविवारी सकाळी इंजिन गार असताना टॅपेटही एकदमच बघून घेऊ.